प्रत्येकी आणि मिळून : म्हैसूर प्रांतातील वाटणीच्या शब्दांचा इतिहास

राज्यकारभाराच्या इतिहासात लढायांना, तहांना आणि वंशावळींना जे मानाचे स्थान मिळाले, ते हुकुमातल्या एखाद्या लहानशा शब्दाला सहसा मिळत नाही. परंतु शंभर होन भरावेत असा हुकूम एखाद्या गावाला सुटला, म्हणजे ते शंभर होन गावाने मिळून भरावयाचे की घरटी भरावयाचे, या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्या गावातील सर्व संसारांचे सुखदुःख अवलंबून असते, आणि ते उत्तर 'प्रत्येकी', 'घरटी', 'माणशी', 'दर', 'एकूण' अशा दोन-तीन अक्षरांच्या शब्दांत साठवलेले असते. संस्कृत वैयाकरणांनी या अर्थाला 'वीप्सा' असे नाव दिले. एका क्रियेने किंवा एका गुणाने अनेक वस्तूंना, त्यांतील एकीलाही न वगळता, एकेक करून व्यापावे ही जी वक्त्याची इच्छा, ती वीप्सा होय. या वीप्सेचा इतिहास अभ्यासण्यास म्हैसूर प्रांत विशेष अनुकूल आहे. कारण संस्कृत शास्त्र, कन्नड लोकव्यवहार, मराठी दप्तर आणि फारसी दरबार हे चारही प्रवाह तेथे दीर्घकाळ एकत्र वाहिले, आणि वाटणीचे शब्द त्या चारही प्रवाहांनी आपापल्या परीने पुरविले.

म्हैसूर शहरात 1891 साली महाराज चामराजेंद्र वोडेयर यांच्या कारकिर्दीत प्राच्य ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने या संग्रहालयास दिलेल्या ग्रंथलिपीतील एका ताडपत्री पोथीत तेथील ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांना कौटिलीय अर्थशास्त्र गवसले, आणि 1909 साली त्याची संहिता त्यांनी म्हैसुरातूनच प्रसिद्ध केली, ही घटना विद्वानांना सुपरिचित आहे. पुढे मुंबईच्या रा. प. कंगले यांनी 1960 ते 1965 या काळात त्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि विवेचन सिद्ध करून महाराष्ट्राचाही हातभार त्या कार्यास लावला. राजनीतीच्या डावपेचांसाठी हा ग्रंथ जितका वाचला गेला, तितका वाटणीच्या विचारासाठी वाचला गेला नाही. पाच किंवा दहा गावांवर नेमलेला 'गोप' नावाचा अधिकारी घराघराची गणती करून, कोणते घर कर देते, कोणते देत नाही, घरात माणसे किती, जनावरे किती, आणि प्रत्येक घराकडून द्रव्य, श्रम, जकात व दंड या रूपाने काय येणे आहे, याची नोंद ठेवतो. आणि संघ करून काम करणारे कामगार आपले वेतन आधी ठरल्याप्रमाणे किंवा समसमान वाटून घेतात, अशी व्यवस्था तेथे सांगितली आहे. रक्कम एक आणि माणसे अनेक असली, म्हणजे त्यांची सांगड कोणत्या नियमाने घालावयाची, हा प्रश्न शासनाइतकाच जुना असल्याची साक्ष या म्हैसुरी पोथीने दिली.

अर्थशास्त्राने जो व्यवहार सांगितला, त्याचे शब्दशास्त्र त्यापूर्वी आणि त्यानंतरच्या वैयाकरणांनी सूक्ष्मपणे तपासले होते. पाणिनीने आपल्या आठव्या अध्यायाच्या आरंभीच वीप्सेसाठी पदाची द्विरुक्ती सांगितली. 'प्रति' या शब्दाचा आणि संख्यावाचकांना लागणाऱ्या 'शस्' प्रत्ययाचा वीप्सेशी असलेला संबंधही अन्यत्र नोंदविला, आणि त्यातूनच 'प्रतिदिन', 'एकशः', 'शतशः' यांसारखी रूपे आपल्या भाषेत आली. पतंजलीने महाभाष्यात याही पुढचे पाऊल टाकले. देवदत्त, यज्ञदत्त आणि विष्णुमित्र यांना जेवू घालावे असे कोणी म्हटले, तर वाक्यात 'प्रत्येक' हा शब्द नसतानाही जेवण तिघांनाही वेगवेगळे द्यावे लागते, कारण एकाच्या जेवण्याने दुसऱ्याचे पोट भरत नाही; उलट गर्गांना शंभराचा दंड करावा असे म्हटले, तर ते शंभर सर्व गर्गकुलाकडून मिळून घेतले जातात, प्रत्येक गर्गाकडून शंभर घेतले जात नाहीत, आणि राजांना सुवर्णाची गरज असूनही ते असे करीत नाहीत, हे पतंजली आवर्जून सांगतो. पहिल्या ठिकाणी वाक्याचा अर्थ प्रत्येकाच्या ठायी पूर्ण होतो, दुसऱ्या ठिकाणी समुदायाच्या ठायी. आणि कोठे काय घ्यावयाचे हे शब्दाबरोबर व्यवहारावरूनही ठरते. पाश्चात्त्य अर्थविचारात या भेदाची चर्चा ज्या काळात जोमाने सुरू झाली, त्याच्या सुमारे दोन हजार वर्षे आधी ती या देशात झाली होती. कीलहॉर्न यांनी 1880 ते 1885 या काळात महाभाष्याची संहिता मुंबईहून प्रसिद्ध केली, आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी ते भाष्य मराठीत आणले, म्हणून हा विचार मराठी वाचकाच्या हाताशी आहे, एवढे येथे सांगितले पाहिजे.

शास्त्राकडून लोकभाषेकडे वळले असता मराठीची या बाबतीतील समृद्धी मनाला प्रसन्न करते. 'एकेक', 'दोन-दोन' अशी संख्येची द्विरुक्ती. 'घरोघरी', 'गावोगावी', 'दारोदारी' अशी विभक्तीसह नामाची द्विरुक्ती. 'माणशी', 'घरटी' अशी प्रत्ययान्त रूपे. 'दिवसागणिक', 'माणसागणिक' अशी शब्दयोगी जोडणी. संस्कृतातून आलेली 'प्रत्येक' व 'प्रत्येकी'. आणि फारसी-अरबी अंमलातून आलेली 'दरसाल', 'दरमहा', 'हरएक', 'फी', आणि 'गाववार', 'असामीवार' यांतील 'वार' ही सर्व साधने मराठी माणूस सहजपणे आणि अचूकपणे वापरतो. कन्नडाचा संसारही असाच भरलेला आहे. 'ओंदोंदु' म्हणजे एकेक, 'एरडेरडु' म्हणजे दोन-दोन, 'ओब्बोब्बरु' म्हणजे एकेक जण, 'मनेमने' म्हणजे घरोघर, आणि 'तला' म्हणजे माणशी. हा शेवटचा शब्द डोके या अर्थाच्या 'तले'शी निगडित आहे, आणि मराठीच्या 'दरडोई'तही डोकेच मोजले जाते. कुळाने भिन्न असलेल्या या दोन भाषा द्विरुक्तीच्या बाबतीत सख्ख्या बहिणींप्रमाणे वागतात, याचे कारण दीर्घ सहवास हे होय. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1956 साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असा जो सिद्धान्त मांडला, आणि सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाच्या निरीक्षणावरून गंपर्झ व विल्सन यांनी 1971 साली मराठी, कन्नड व उर्दू यांच्या वाक्यरचनेतील जो एकजीवपणा दाखवून दिला, त्याला हे शब्द पोषकच आहेत.

या शब्दांमध्ये अर्थाच्या ज्या सूक्ष्म छटा आहेत, त्या व्यवहारात अतिशय महत्त्वाच्या ठरतात. तीन मजुरांनी सहा खड्डे खणले, या वाक्यावरून एकूण खड्डे सहाच असावेत असे सामान्यतः आपण समजतो, आणि कोणी किती खणले हे मोघमच राहते. तीन मजुरांनी दोन-दोन खड्डे खणले असे म्हणताच एकूण सहाच राहूनही वाटणी निश्चित होते. आणि तीन मजुरांनी प्रत्येकी सहा खड्डे खणले असे म्हटले, की एकूण खड्डे अठरा होतात. परंतु द्विरुक्तीचाही अर्थ सर्वत्र एकच नसतो. शिपायांना दोन-दोन रुपये द्यावेत, येथे वाटणी माणसांवर होते. शिपायांनी दोन-दोन करून आत जावे, येथे वाटणी खेपांवर होते, आणि एका खेपेत दोघे असा अर्थ निघतो. 'प्रत्येकी' हा शब्द मात्र वाटणीला व्यक्तीशीच बांधून टाकतो. यास्तव ज्या लेखात पैशाचा संबंध आहे, त्या लेखात जुन्या कारकुनांनी द्विरुक्तीवर न थांबता 'दर असामीस' असे स्पष्ट लिहिण्याची पद्धत पाळली, यात त्यांची व्यवहारदृष्टी दिसून येते.

जगातील इतर भाषांकडे पाहिले, तर आपले हे धन किती मोठे आहे याची कल्पना येते. लॅटिनमध्ये दोन-दोन, तीन-तीन यांसाठी संख्यावाचकांची स्वतंत्र मालिकाच होती. तुर्की भाषा संख्येला प्रत्यय लावते. जॉर्जियन भाषा आपल्यासारखीच संख्या दोनदा उच्चारते. जपानी भाषा संख्येनंतर 'झुत्सु' हा शब्द ठेवते. जर्मन भाषा संख्येपूर्वी 'ये' हे अव्यय घालते. आणि दक्षिणेतील तेलुगू 'रेंडेसि' असे प्रत्ययान्त रूपही जपून ठेवते. इंग्रजीजवळ मात्र प्रत्येकवाचक शब्द असूनही अशा संख्यांची मालिका नाही. डेव्हिड गिल यांनी 2005 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाहणीत 251 भाषांची या दृष्टीने तुलना केली, आणि द्विरुक्तीने वाटणी सांगणाऱ्या भाषांचा वर्ग सर्वांत मोठा असल्याचे दाखवून दिले. वस्तूंच्या पुनरावृत्तीसाठी शब्दाची पुनरावृत्ती करावी, ही कल्पना मनुष्यमात्राला इतकी स्वाभाविक वाटते.

आता हे शब्द म्हैसूरच्या भूमीत राज्यकारभाराचे साधन कसे झाले, ते पाहू. 1638 साली विजापूरच्या फौजांनी बंगळूर जिंकल्यावर तो मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला, आणि मराठी कारकून, मराठी हिशेब व मोडी लेखन यांचा कर्नाटकात प्रसार झाला. 1687 साली मोगल सरदार कासिमखानाने घेतलेले बंगळूर चिक्कदेवराज वोडेयर यांनी द्रव्य देऊन आपल्या राज्यास जोडले, तेव्हा त्या शहराबरोबर ही दप्तरी परंपराही म्हैसूरच्या सान्निध्यात आली. चिक्कदेवराजांनी कारभाराची विभागणी अठरा कचेऱ्यांत केल्याचे प्रसिद्ध आहे. कन्नड शानभोग चिंचोक्यांची खळ आणि कोळसा लावून काळ्या केलेल्या घडीच्या कापडावर, म्हणजे 'कडिता'वर, शंखजिऱ्याच्या लेखणीने गावचा हिशेब लिही; मराठी कारकून कागदावर मोडीत लिही. दोघांच्याही लेखनाचा गाभा एकच होता. आधी बेरीज द्यावयाची, मग 'पैकी' म्हणून तिचा तपशील उलगडावयाचा. बेरीज हा समुदायाचा अर्थ, तपशील हा प्रत्येकाचा. आणि या दोहोंचा मेळ बसला तरच हिशेब खरा, हा नियम पतंजलीने सांगितलेल्या दोन प्रकारच्या अर्थांचेच दप्तरातील रूप होय.

हैदरअलीच्या अमलात म्हैसूरचे हिशेब कन्नडाबरोबर मराठीतही ठेवले जात, आणि टिपूने त्यांत फारसीची भर घालून तिला दरबारी महत्त्व दिले. या बहुभाषिक खजिन्याच्या शाळेत तयार झालेले पूर्णय्या पुढे, टिपूच्या पाडावानंतर, 1799 पासून 1811 पर्यंत राज्याचे दिवाण होते. तत्पूर्वी 1792 च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने वाटणीचा एक मोठा प्रसंग घडवून आणला होता. टिपूने आपला निम्मा मुलूख आणि तीन कोटी तीस लक्ष रुपये द्यावेत असे ठरले. आणि इंग्रज, निजाम व पेशवे या तिघा मित्रांमध्ये मुलखाचे समान हिस्से व्हावेत, असा करार त्यांच्यात 1790 सालीच झालेला होता. खंडणीचा एकूण आकडा टिपूवर, आणि प्राप्ती तिघांत समभाग. भार समुदायरूपाने आणि लाभ प्रत्येकरूपाने सांगणारा तह म्हणून त्याकडे पाहिले, म्हणजे राजकारणात वीप्सेचे स्थान किती निर्णायक असते हे कळते. हा भार अर्थात टिपूच्या राजवाड्यावर न राहता रयतेपर्यंत उतरला.

एकरकमी भार खाली उतरताना कोणाच्या डोक्यावर किती पडेल, हे शब्दाने बांधलेले नसले, म्हणजे काय अनर्थ होतो, हे तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांच्या कारकिर्दीत दिसून आले. 'शर्ती' नावाच्या पद्धतीने अमिलदार आपल्या तालुक्यातून ठराविक रक्कम सरकारात भरण्याचे लिहून देई. वसूल कमी पडल्यास तूट त्याने भरून द्यावी, आणि अधिक आल्यास तेही सरकारास द्यावे, असा करार असे. करारात तालुक्याची बेरीज होती, रयतेचा तपशील नव्हता. तूट स्वतःच्या अंगावर येऊ नये म्हणून अमिलदार ती सबळाला वगळून दुर्बलाकडून भरून काढू शके, आणि ज्याच्याकडे दाद मागावयाची तोच करारातील पक्षकार असे. 1830-31 मध्ये नगर प्रांतात रयत उठली, तिच्या असंतोषाच्या कारणांत या पद्धतीची गणना झाली, आणि 1831 साली कंपनी सरकारने कारभार स्वतःकडे घेतला, तो 1881 पर्यंत राजघराण्याकडे परत आला नाही.

म्हैसूरच्या सीमेवरच, टिपूकडून 1792 साली मिळालेल्या बारामहालात, या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले जात होते. अलेक्झांडर रीड आणि त्यांचे साहाय्यक थॉमस मन्रो यांनी तेथे क्रमाक्रमाने जी सारापद्धती बसविली, तिला पुढे 'रयतवारी' हे नाव कायम झाले. या नावातील 'वार' हा वीप्सेचा प्रत्यय त्या पद्धतीचा प्राण आहे. बंगालमध्ये 1793 साली सारा जमीनदाराशी कायमचा ठरला. उत्तरेत 1822 नंतर महालवारीने तो गावाच्या किंवा महालाच्या समुदायाशी ठरविला. रयतवारीने तो एकेका कुळाशी, एकेका शेताच्या मानाने ठरविला. हिंदुस्थानात जमिनीचा सारा ठरविण्याची तीन मोठी सूत्रे सारा कोणावर वाटावयाचा या एकाच प्रश्नाची तीन उत्तरे होती, हे ध्यानात आले म्हणजे व्याकरण आणि महसूल या विषयांतील अंतर कमी होते.

महाराष्ट्रात प्रिंगल यांची जमीनमोजणी अपयशी ठरल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नवी मोजणी सुरू केली, आणि प्रत्येक शेताला स्वतंत्र क्रमांक देऊन, त्याच्या मगदुराप्रमाणे आकार बसविण्याची रीत घालून दिली. हीच मुंबई पद्धत 1863 मध्ये म्हैसूर संस्थानात नेण्यात आली. शहाजीराजांच्या काळी मराठी दप्तर ज्या वाटेने दक्षिणेस गेले, त्याच वाटेने दोन शतकांनी मराठी मुलखात तयार झालेली शेतवार मोजणी म्हैसूरला पोहोचली. शानभोगाच्या कडितात पूर्वी केवळ बेरजेखाली लपून राहणारा लहान कुळंबी आता आपल्या शेताच्या आकड्यासह सरकारी कागदावर आला. माझा सारा इतका, त्याहून अधिक देणार नाही, असे म्हणण्याचा आधार त्याला मिळाला. प्रत्येकवाचक शब्दाने रयतेवर केलेला हा उपकार मोठा आहे, आणि तो इतिहासकारांनी मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे.

तथापि प्रत्येकाला वेगळे मोजणे म्हणजे प्रत्येकाला न्याय देणे असे समीकरण मांडता येत नाही. गाव मिळून सारा भरत असताना एका कुळाचे पीक बुडाले तर त्याचा भार काही अंशी इतरांवर विसावत असे. सारा कुळवार झाल्यावर दुष्काळात, मंदीत, आजारात ते कूळ आपल्या क्रमांकासह एकटे उभे राहिले, आणि जमीन वेगळी नावावर झाल्यामुळे ती गहाण टाकणे व लिलावात घालविणेही सोपे झाले. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, त्यामागे कापसाच्या भावाची घसरण, वाढलेला सारा आणि न्यायालयांची सावकारधार्जिणी प्रक्रिया ही कारणे होतीच. परंतु त्या सर्व आघातांना तोंड देणारा शेतकरी समुदायापासून सुटलेला होता, हेही त्यामागचे एक मूलभूत कारण होते. वाटणीचा शब्द भाराच्या बाजूस लावला आणि आधाराच्या बाजूस लावला नाही, तर तोच शब्द दुर्बलाचा घात करतो. पतंजलीच्या दोन उदाहरणांत अन्न प्रत्येकाला आहे आणि दंड समुदायाला आहे, हा क्रम मला केवळ व्याकरणातील सोय वाटत नाही. त्यात एक समाजधर्म दडलेला आहे.

आजही हा प्रश्न संपलेला नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो धान्य दिले आणि अंत्योदय कुटुंबांना घरटी पस्तीस किलो. म्हणजे एकाच कायद्यात दोन परिमाणे आहेत, आणि घरातील माणसांची संख्या बदलली की त्यांचे फळ बदलते. सात माणसांपर्यंतच्या घराला घरटी वाटणी तोट्याची ठरत नाही, त्याहून मोठ्या घराला माणशी वाटणी अधिक पडते. 30 ऑगस्ट 2023 रोजी म्हैसूर शहरातच कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचा आरंभ झाला, तिच्यात घरातील कुटुंबप्रमुख स्त्रीस दरमहा दोन हजार रुपये मिळतात. तेथे वाटणी घरटी आहे, आणि एका चुलीवर दोन सुना व सासू असल्या तरी रक्कम एकच आहे. अशा योजनांच्या गुणदोषांविषयी मतभेद राहतील. परंतु 'घर' म्हणजे काय आणि 'प्रत्येक' म्हणजे कोण, हे ठरविल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन होऊ शकत नाही, याविषयी मतभेदास जागा नाही.

म्हैसूरला या विषयाचे केंद्र होण्याचा अधिकार इतिहासानेच दिला आहे. 1969 साली तेथे भारतीय भाषांची केंद्रीय संस्था स्थापन झाली, देबीप्रसन्न पट्टनायक हे तिचे पहिले संचालक झाले, आणि देशातील लहानमोठ्या भाषांचे वर्णन, शिक्षण व तुलना यांचे कार्य त्या नगरीत सुरू झाले. एकाच शहरात अर्थशास्त्राची पोथी आहे, आणि आधुनिक भाषाविज्ञानाची संस्थाही आहे. जुन्या राज्याची कन्नड कडिते, मोडी कागद आणि फारसी पत्रे यांचा वारसाही याच प्रांताचा आहे. वैयाकरण शब्दांची रूपे पाहतो आणि महसुलाचा इतिहासकार आकडे पाहतो. दोघांनी एका मेजाशी बसून हे कागद वाचावेत, 'दर', 'वार', 'तला', 'प्रत्येकी' हे शब्द कोणत्या काळी कोणाच्या भारास आणि कोणाच्या लाभास जोडले गेले याचा कोश करावा, असे कार्य अद्याप करण्याजोगे आहे, आणि मराठी व कन्नड अभ्यासकांनी ते मिळून करणे अधिक उचित होईल, कारण साधने दोघांच्या घरात विभागलेली आहेत.

आणि ज्यांच्या हातून आज शासननिर्णय, ठराव, वर्गणीची पत्रके आणि सहकारी संस्थांचे नियम लिहिले जातात, त्या सर्व लेखकांना माझी एवढीच विनंती आहे, की रक्कम लिहिताना ती एकूण आहे की प्रत्येकी आहे, माणशी आहे की घरटी आहे, हे त्यांनी त्याच ओळीत स्पष्ट लिहावे. आपल्या भाषेने त्यासाठी विपुल शब्द दिले आहेत. ते न वापरल्याने जी संदिग्धता राहते, तिचा भुर्दंड लिहिणाऱ्याला पडत नाही, तो नेहमी सर्वांत दुर्बल माणसालाच भरावा लागतो.